लाकडी जहाजाशी केलेला सौदा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अमावास्येला स्मशानाच्या वाटेनं गाडी हाकताना मी मोठमोठ्यानं गात जायचो... ते गाणं ऐकून जिवंत माणसं पळायची, तिथं भुतांची काय कथा! पण ही हकीकत भरदुपारची आहे, आणि माझ्या स्वतःच्या हाताची.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीच्या कापूसबाजारात दलाल, घरी बायको आणि चार पोरं. बायकोचा एकुलता भाऊ सदा माझ्याच हाताखाली दलाली शिकला आणि एका इंग्रज एजंटाच्या ऑफिसात लागला. या साहेबाला शर्यतीच्या जहाजांचं भारी वेड. विलायतेत रेस जिंकलेल्या एका जुन्या यॉटचं चित्र देऊन त्यानं अकोल्याच्या रहीम मिस्त्रीकडून हातभर लांबीचं सागवानी जहाज करवून घेतलं. समुद्र ना मिस्त्रीनं पाहिलेला, ना मी. पण शिडं, दोऱ्या, डोलकाठी... बघत राहावं असं काम!

पुढं साहेब मुंबईला दोस्ताच्या यॉटवर समुद्रात फिरायला निघाला, आणि सदाही सोबत जायला तयार झाला. बायको हटून बसली, "त्याले पोयता येत नाही. काहीबी करा, पन थांबवा त्याले."

मी ऑफिसात गेलो. साहेब वखारीत होता. सदा टेबलावरच्या त्या सागवानी जहाजाची धूळ पुसत होता. समजूत घालायची सोडून मला विनोद सुचला — हा माझा जुनाच रोग. आम्ही दलाल भाव तोंडानं बोलत नाही. हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. पटलं तर हात घट्ट धरायचा, नाहीतर झटकायचा. आणि रुमालाखालचं तिसऱ्याला सांगायचं नाही. मी खांद्यावरचं उपरणं जहाजावर टाकलं, खाली हात घातला.

"काय शेठ, आमच्या सदाले परत आणून देता का?"

सदा खदखदून हसला. मीही हसत होतो...

तेवढ्यात कुणीतरी माझी बोटं धरली.

गार, सुजल्यासारखी बोटं होती ती. त्यांनी माझं एकेक बोट चाचपलं — नवखा दलाल भेटला की आम्ही चाचपतो तसं — आणि हात झटकून टाकला. मी उपरणं ओढलं. खाली नुसतं लाकूड!

"काय झालं, भाऊजी? तोंड काहून उतरलं?"

"तू जाऊ नको, सदा."

"शेठनं भाव कमी देल्ला वाटते!" त्यानं उपरणं हिसकून परत जहाजावर टाकलं आणि आपला हात घातला.

मी "अरे—" म्हणेपर्यंत त्याचं हसू थांबलं. खांदा पुढं ओढला गेला. उपरण्याखाली बराच वेळ बोटं हलत राहिली. मग हात काढून त्यानं धोतराला पुसला.

"झटकला का धरला?" मी विचारलं.

"रुमालाखालचं सांगाचं नसते, भाऊजी. तुमीच शिकवलं."

"मस्करी नको करू!"

"मले जावंच लागते आता."

निघायच्या सकाळी सदाच्या दमणीला बैल जुंपले, तसा मी चाकाला मिठी मारून बसलो. अख्खा बाजार हसला. मी गावातला सोंगाड्या, सगळ्यांना वाटलं नवं सोंग आहे. सदा खाली उतरला, माझी बोटं हळूच सोडवली, पाया पडला आणि गेला.

साहेब एकटाच परतला. ऊन लख्ख होतं, म्हणे, वारा बेताचा. सदा शेजारीच बसलेला होता... आणि मग नव्हता. पडताना कुणी पाहिलं नाही. प्रेतही मिळालं नाही.

शेवटी मी बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "सदा पक्का दलाल होता तुमचा. त्यानं फुकट हात देल्ला नसंल. बदल्यात काय मागतलं असंल त्यानं?"

त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीत पटकीची साथ शिरली. डाव्या हाताचं घर रिकामं झालं, उजव्या हाताचंही. आमची चारही पोरं मधल्या अंगणात खेळत राहिली.