शून्यावर आणायचा खटका

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आप्पांनी मला एकच अट घातली होती. पहिल्या फटक्यात पास झालीस तर नोकरी कर, नाही तर चऱ्होलीच्या स्थळाला होकार द्यायचा. आप्पा चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर होते आणि घरात त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. जवळच्याच एका कॉलेजात गणिताची जागा रिकामी होती. निकाल घेऊन या, लगेच रुजू व्हा, असं तिथल्या प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणजे माझं सगळं त्या निकालावर लटकलेलं.

मला धास्ती अशी नव्हतीच. गणितात वर्गात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे आजही सांगते, उगाच कशाला लाजू? त्या वर्षी डिफरन्शियल इक्वेशन आकडेमोडीनं सोडवायचा विषय होता. सूत्रानं जे सुटत नाही ते पावलापावलानं सोडवायचं. आत्ताच्या किमतीवरून थोडं पुढचं काढायचं, त्यावरून आणखी पुढचं. एक पाऊल चुकलं की पुढची सगळी वाकडी. मला तो विषय फार आवडायचा. विद्यापीठातून परत येताना बसमध्येसुद्धा डोक्यात तेच चालू असे.

आकडेमोडीला हातानं फिरवायची यंत्रं होती, तीही मोजकीच. आकडा मांडायचा, दांडा फिरवायचा, की खिडकीत गुणाकार दिसायचा. एका यंत्रावर तिघं-चौघं बसायचो. रीत अशी पडली होती की दांडा मुलांनी फिरवायचा आणि मुलींनी लिहायचं. सरांनी पहिल्या दिवशी यंत्र दाखवलं, तेव्हासुद्धा मुलगे असे गराडा घालून उभे, की आम्हाला नुसत्या त्यांच्या पाठी दिसल्या.

आणि आम्हाला तरी यंत्राची सवय कुठे होती? खंडेनवमीला कारखान्यात पूजा असे, त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. माझा धाकटा भाऊ लेथचं चाक गरागरा फिरवायचा. मी एकदा हात लावला तर आप्पांनी तो झटकलाच. "पोरींनी न्हाई लावायचा हात. कुंकू लाव आन् हो बाजूला."

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मात्र प्रत्येकाला वेगळं यंत्र मिळालं. प्रश्न अगदी सोपा. भट्टीतून काढलेला लोखंडाचा तुकडा हवेत ठेवलाय, तो कसकसा गार होत जाईल? पहिला गुणाकार ठीक आला. पुढे मात्र तुकडा तापायला लागला! अगं बाई, हे काय भलतंच! मी सूत्र तपासलं, अधिक-उणे तपासलं, पुन्हा पहिल्यापासून मांडलं. आकडा आणखीच वर गेला. यंत्राकडे माझं लक्षच गेलं नाही. चूक असली तर माझ्या डोक्यातच असणार, असं धरून चालले होते. शेवटी हातानं गुणाकार करायला घेतले, तेवढ्यात परीक्षकांनी कागद काढून घेतला.

निकालाच्या दिवशी फळ्यापाशी तो भेटला, वर्षभर आमच्या यंत्राचा दांडा फिरवणारा. पद्धत सगळी मी त्याला शिकवलेली. तो पास होता. मी प्रॅक्टिकलमध्ये नापास, म्हणजे वर्ष गेलं. तुकडा तापला कसा, ते मी त्याला सांगितलं, तर तो बघतच राहिला.

"अहो, दर गुणाकाराआधी यंत्र शून्यावर आणलं नाहीत का? नाही तर जुनं त्यात मिळत जातं."

"शून्यावर? ते कसं आणायचं?"

"डाव्या बाजूला खटका असतो. मी रोज ओढायचो की! मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

रोज! आणि मी रोज मान खाली घालून त्यानं वाचलेले आकडे उतरवत होते. इतका संताप आला मला, त्याचा, सरांचा, माझ्या त्या खाली घातलेल्या मानेचा. रडू आलं नाही. नुसती आग आग झाली.

घरी खटक्याची गोष्ट आप्पांना चटकन कळली. बाकीचं काही कळलं नाही. आई म्हणाली, "अहो, एवढ्याशा खटक्यापायी? बसू दे की पोरीला पुन्हा."

"यंत्राचं काम बायकांचं न्हाईच," आप्पा म्हणाले. "ठरलं ते ठरलं."

कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. माझं लग्न उरकलं.

त्या वर्षी खंडेनवमीला आप्पांनी आम्हा दोघांना मुद्दाम चऱ्होलीहून बोलावून घेतलं, जावयाला कारखाना दाखवायला. "फिरवून बघा की चाक, जावईबापू," ते कौतुकानं म्हणाले. जावईबापूंनी फिरवलं. माझ्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. ते त्या लेथवर भिरकावून द्यावं, असं मनापासून वाटलं मला. पण मी कुंकू लावलं आणि बाजूला झाले.