बंगारीचा डावा सड

भूतबित मी मानत नाही हं. देवाला मानतो, ते पण नोकरी शोधताना. शाळेत आयुष्यात एकदाच गेलो... आत शिरलेली मेंढी हाकलायला. म्हणून हे मी बोलतोय आणि मुलगी लता फोनवर टाइप करतेय.

आम्ही इकडं कानडी मुलखात, होसकोटेत राहतो. गेल्या वर्षी मला इंडस्ट्रियल एरियातल्या एका गोडाऊनमध्ये हमालीचं काम लागलं. तिथं परदेशातून कच्ची लोकर यायची, न धुतलेली, दाबून बांधलेल्या मोठ्या मोठ्या गाठी. सरकारी डॉक्टर मॅडम येऊन नमुने न्यायच्या, रिपोर्ट येईपर्यंत गाठींना सील. लोकरीतून तिकडच्या मेंढरांचा रोग येतो, माणसाला पण लागतो म्हणे. म्हणून निघताना आंघोळ करायची, कपडे तिथंच ठेवायचे, एक केस बाहेर न्यायचा नाही. आणि ज्याच्या घरी शेळी-मेंढी, त्याला कामच नाही.

सुपरवायझर मंजण्णानं फॉर्म वाचला. "घरी जनावर आहे काय रे?"

"मीच एक, अण्णा."

तो हसला, माझा अंगठा घेतला. झालं.

खरं म्हणजे घरी बंगारी होती. माझी बायको शांती, तिच्या वडलांनी जाताना दिलेली मेंढी. सकाळी आधी तिला पाणी, मग मला चहा.

त्याच महिन्यात बंगारीला मेलेलं कोकरू झालं. तिनं खाणं सोडलं. कास दगडासारखी, हात लावू देईना. शांती तिच्याजवळ बसून रडायची. म्हणाली, "अप्पा असते तर मेलेल्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या पिल्लाला पांघरलं असतं. वासावर पाजते ती. पण मी पोरकं पिल्लू आणू कुठनं?"

"मी आहे की," म्हटलं. हसली नाही.

दुसऱ्या दिवशी गोडाऊनमध्ये पाणी गार होतं. मी आंघोळीला टांग मारली... आळस, दुसरं काय. संध्याकाळी घरी आलो तर बंगारी उठली, सरळ माझ्याकडं आली आणि बनियन हुंगायला लागली. काखेत लोकरीचा पुंजका अडकला होता. आणि ती घशातल्या घशात हाक मारायला लागली — पिल्लाला मारतात तशी. मग चारा खाल्ला.

शांतीचा चेहरा बघून मला काय वाटलं सांगू... सकाळी जाऊन एका फाटक्या गाठीतनं मूठभर लोकर ओढली आणि चड्डीत लपवून आणली. दिवसभर खाजलं. शांतीनं ती फडक्यात बांधून खुंटीला लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी उजेडात शांतीनं हाक मारली. "स्वल्प, जरा इकडं या... बोलू नका."

बंगारी पाय फाकवून उभी होती. मान मागं वळवून हवेत काहीतरी चाटत होती. कासेला मधून मधून खालून धक्का बसत होता. खाली काही नव्हतं. मी वाकून बघितलं, देवाशपथ. मग शांतीनं कास धरली — मऊ, रिकामी. दोन्ही सड ओले.

त्याच दिवशी रिपोर्ट आला. ती फाटकी गाठ खराब, जाळायची. मॅडम सगळ्यांना समजावत होत्या, ताप येतो, खोकला, वेळेत औषध नाही तर माणूस जातो. आणि घरी शांती रात्रंदिवस त्या फडक्यापाशी. सकाळी खोकली पण होती.

बोललो तर नोकरी जाणार. पाच मिनिटं गप्प बसलो. ती पाच मिनिटं अजून शांतीला सांगितली नाहीत. लता, तू पण सांगू नको.

मग म्हटलं, "मॅडम, घरी मेंढी आहे."

मंजण्णा म्हणाला, "जनावर तूच म्हणालास ते खरंच की रे!"

मॅडम मास्क-ग्लोव्हज घालून घरी आल्या. फडकं पिशवीत घातलं तेव्हा बंगारी जी ओरडली... गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. मॅडमनी रक्त घेतलं, कास बघितली.

"पिल्लू कुठंय?"

"मेलं, मॅडम. पोटातच."

"मग हे आत्ता कोण पिऊन गेलं?"

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

शांतीला गोळ्या दिल्या, ती बरी आहे. बंगारीचं रक्त चांगलं निघालं. माझी नोकरी गेली, ते बरोबरच झालं.

यंदा बंगारीला जिवंत कोकरू झालं. ते फक्त उजवीकडं पितं. डावीकडं गेलं की लाथ मारते. आणि डावी बाजू तट्ट फुगायला पाहिजे ना? रोज सकाळी रिकामी... सड ओला.

परवा मॅडम पुन्हा तपासायला आल्या. कागद काढला. "घरी मेंढ्या किती?"

या वेळी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, "दोन."

चुलीपासनं शांती म्हणाली, "तीन सांगा."

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी बंगारीकडं बघितलं. मग "सरी, ठीक" म्हणाल्या आणि आकडा लिहिला.

काय लिहिलं, मला वाचता येत नाही. लता तेव्हा कॉलेजला होती.