सव्वादोनचं माप

ये, अशी जवळ बस. वाचतानाही जवळ बसल्यासारखंच वाच. मी तुह्यावर रागावली आहे, हे आधी सांगून ठेवते. चार पानांची चिठ्ठी लिहिली, त्यात म्हशीचं आलं, जाऊबाईच्या टोमण्यांचं आलं, अन् अगदी शेवटी एक ओळ, "जोडवी घट्ट झाली, काढून ठेवली." सातवा महिना लागलेला, अन् ही गोष्ट शेवटी लिहायची असते काय वं पोरी?

तुह्या आईले मी वाढवलं, पण जन्म दिला तो माह्या धाकट्या बहिणीनं, हे तुले ठाऊक आहे. ती कशानं गेली, हे मात्र तुले कोणी सांगतलं नाही. बाळंतपणात गेली, एवढं म्हणून सगळे गप्प बसतात. मीही बसली.

तेव्हा इंग्रजाचा अंमल होता, वऱ्हाडाचे कागद नागपूरच्या कचेरीत जात. आमचं माहेर धामणगाव बढ्याचं. पहिलटकरीण म्हणून तिले माहेरी आणलं, अन् तिचं करायले मी सासरहून आली. आठवा सरत आला तशी मायनं ओटी भरायचं काढलं. ओटीच्या आधी हिरव्या बांगड्या भरायच्या, म्हणून कासारकाकाले बोलावलं. आम्हा दोघी बहिणींच्या हातात पहिली बांगडी याच माणसानं चढवलेली. त्यानं तिचा हात हातात घेतला अन् थांबला.

"हिचं माप सव्वादोनचं. आज अडीचची जाऊन नाई राह्यली."

"जवायानं तूप खाऊ घातलं असन," काकू म्हणाली. बाया हसल्या.

"काका, तुमच्याच बांगड्या आखडल्या," बहीण म्हणाली. तिले हसायले निमित्त लागत नसे.

कासारकाका हसला नाही. त्यानं तिच्या मनगटाच्या वर अंगठा दाबला अन् उचलला. खळगा तसाच राह्यला. "वहिनी, हे अंग भरलं नाई. पाणी धरलं आहे. बुलढाण्याले दवाखान्यात दाखवून आणा."

"तुम्ही बांगड्या भरा काका," माय म्हणाली. "नाडी पाहाले गावात वैद्य आहे."

कासारकाकाचा हात काही चालेना. मग साबणाचं पाणी मीच आणलं. तिची बोटं जुळवून, अंगठा आत दुमडून, एकेक बांगडी मीच चढवली. तिनं ओठ दातांत धरला होता.

ओटीच्या बांगड्या बाळंत होईपर्यंत उतरवायच्या नाहीत, अशी आमच्याकडची रीत. चार-पाच दिवसांत त्या मनगटात रुतल्या. एका दुपारी ती मले म्हणे, "बाई, दोन तरी वाढव ना. हात ठणकून राह्यला." बांगडी फोड असं तोंडानं म्हणत नाहीत, वाढव म्हणतात.

मी म्हटलं, "येडी झाली काय? ओटीची बांगडी कोणी वाढवते?"

तिच्या मनगटाले खोबरेल चोळलं अन् कामाले लागली. मग तिचं डोकं दुखू लागलं. मायनं सुंठ उगाळून कपाळाले लावली. "डोळ्यापुढे माशा उडून राह्यल्या," ती म्हणे. ऊन बाधलं, असं आम्ही ठरवलं.

तिसऱ्या सकाळी ती तुरीची डाळ निवडत बसली होती. हातातलं सूप पडलं. डोळे फिरले, दातखीळ बसली, अंग ताठ. काकू म्हणे बाहेरचं आहे, लिंबू उतरवा. बाबांनी ऐकलं नाही, गाडी जुंपली. राजूरच्या घाटात तिले दुसरा झटका आला. डोकं माह्या मांडीवर होतं. झटका ओसरल्यावर तिचा हात गाडीच्या दांडीवर ठेवून मी बांगड्या वाढवल्या. एकेक करून, सगळ्या. तिले आता काही कळत नव्हतं.

दिवेलागणीले बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचलो. तुही आई जन्मली, मुठीएवढी, कापसात गुंडाळून माह्या हाती दिली. बहिणीनं डोळे उघडलेच नाहीत.

नर्सबाईनं विचारलं, "सूज कधीपासून होती?"

"ओटीच्या आधीपासून."

"आणि कुणालाच दिसली नाही?"

मी म्हटलं, "कासाराले दिसली होती."

सवाष्ण गेली, भाग्याची, असं बाया म्हणाल्या, अन् तिच्या मोकळ्या हातांकडे पाहून कुजबुजल्या. मायनं मले त्याबद्दल कधीच विचारलं नाही. तेराव्याले कासारकाका आला. पेटी आणली नव्हती. ओट्यावर टेकला अन् तसाच उठून गेला.

तेव्हापासून गरवार पोर घरात आली की मी आधी तिच्या नडगीवर अंगठा दाबून पाह्यते. पोरी हसतात. हसू दे. तू पोटात होती तेव्हा तुह्या आईची नडगी मी रोज सकाळी दाबली.

हे लिहिलेलं तुह्या भावाच्या हाती धाडून राह्यली. सासूबाईले सांग, म्हातारी हट्टाले पेटली, ओटीचं मागून पाहू. डोकं दुखते काय, डोळ्यापुढे काही दिसते काय, ते चिठ्ठीत लिहीत बसू नको. भावासोबतच गाडीत बस अन् ये. आपण दोघी दवाखान्यात जाऊ. लवकर ये माय, उद्याच ये.