दादाने काढलेलं डोंगरावरचं घर

त्या दिवशी दादाची शिफ्ट तीनला सुटली. मग पाच वाजता चाकणच्या रस्त्यावर अपघात झाला, तेव्हा तो कुठे चालला होता? सगळ्यांना विचारलं. कुणीच सांगत नाही. त्याच्या घराचे किस्से मात्र भेटेल तो सांगतो. दादा गेल्याला दोन महिने झाले, पोतंभर जमले!

राजगुरुनगरच्या पुढे डोंगरउतारावर आमची जागा आहे. थेरगावची भाड्याची खोली सोडून आई-आबा, दादा-वहिनी, त्यांची चिमी आणि मी, सगळ्यांनी तिथे राहायचं म्हणून दादा कागदावर घर काढत होता. आता वहिनी चिमीला घेऊन माहेरी गेल्यात. त्या परत येतील का, ह्यावर सगळं अडलंय.

*

दादा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला, मापं तपासायला. आमचे गवंडी तुकामामा. दादा त्यांना म्हणाला, "दगडी भिंत साडेचारशे एमएम. एक एमएम इकडेतिकडे चालेल."

मामांनी हातातला दगड फिरवून पाहिला. "राव, डोंगरातला दगड हाय ह्यो. गाडीला बसवायचाय का?"

*

भिंतीच्या वाटेत हिरड्याचं झाड येत होतं. आबा म्हणाले, "तोडून टाक."

दादा म्हणाला, "आबा, ते आपल्या आधीपासून लाइनीत उभंय. नंबर त्याचा!"

कागदावर भिंतीनेच वळण घेतलं.

*

दादाने खोलीत विटा रचून आईला चढायला लावलं. पाच इंचाच्या पायरीला तिने गुडघ्यावर हात टेकला नाही. "पाच इंच फायनल!"

आई म्हणाली, "आणि दहा वर्षांनी?"

दादाने पायऱ्या खोडल्या, उतार काढला.

*

मी आठवी नापास. दादाने मला भर पावसात जागेवर उभं केलं. "पाणी कुठून जातं, बघून ये."

मी तापाने फणफणत घरी आलो. "दादा, पाणी आईच्या खोलीतून जातंय!"

त्याने अख्खं घर आठ फूट वर सरकवलं. माणसं लागली नाहीत, खोडरबर लागला. वर सगळ्यांना सांगत सुटला, "आमचा इंजिनियर!"

*

गेल्या रविवारी पायाची आखणी होती. वहिनी चिमीला घेऊन आल्या, पण संध्याकाळच्या एसटीने परत जाणार होत्या. तुकामामांनी मला हळूच विचारलं, "भाऊ, दादांची खोली... कमी करायची का?"

आईने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी खाली.

मला राहवलं नाही. दोरीचं एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं वहिनींच्या हातात दिलं.

"कुठवर, भाऊजी?"

"तुम्हीच बघा."

कागदावर खोली दहा फुटांची. वहिनी मागे मागे सरकत गेल्या, बारा फुटांवर थांबल्या.

"चिमीला अभ्यासाचं टेबल लागेल ना," म्हणाल्या.

मी दोरीवरून चुन्याची फक्की टाकली.