आधी बोर्डाला हात

फायरभाऊ घरात आले की आधी बोर्डाकडे बघायचे, माणसांकडे नंतर. चपला काढून सरळ स्विचबोर्डापाशी जायचे, त्यावर उलटा हात ठेवायचे आणि ताप बघणाऱ्या डॉक्टरसारखे डोळे मिटून उभे राहायचे. बोर्ड गार लागला तरच बसायचे. नाहीतर उभ्याउभ्याच, "कोमट हाय गो. प्लग सैल झालाय, वायरमनला बोलव," आणि चालू पडायचे. चहा ठेवलेला असला तरी नाही. लग्न होऊन मी पेणला नवीनच आले होते, मला वाटलं या माणसाचं काहीतरी बिनसलंय.

बिनसलेलं काही नव्हतं. आमच्याच आळीत राहणारे भाऊ धाटावच्या एका केमिकल कंपनीत आग विझवायच्या खात्यात होते, म्हणून फायरभाऊ. शिफ्टच्या बसने जायचे-यायचे, आणि कंपनीत जे करायचे तेच उरलेल्या वेळात आमच्या आळीत. एकदा त्यांनी सासूबाईंची गॅसची नळी वाकवून बघितली. सासूबाई चिडल्या. "इतकी वर्षं झाली, काय पण झालं नाय तिला."

"इतकी वर्षं झाली म्हणूनच बघतोय, वैनी," भाऊ म्हणाले आणि नळीवरच्या भेगा दाखवल्या. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, पण नळी मात्र त्याच दिवशी बदलली.

त्यांचं खरं भांडण माझ्या सासऱ्यांशी. सासरे, म्हणजे आमचे दादा, मूर्तिकार. घराच्या पडवीतच गणपतीचा कारखाना. श्रावणात हवा इतकी ओली, की मूर्ती वाळता वाळत नाहीत. मग पेणच्या कितीतरी घरांत करतात तेच आमच्याकडेही, मूर्तींवर हॅलोजनचे तापणारे दिवे लावायचे, सगळे एकाच एक्स्टेन्शनवर. आणि शेजारीच थिनरचे डबे, रंगाची फडकी, मूर्ती बांधायला पेंढा. भाऊंना ते बघवत नसे.

"गणपतीच्या घराला आग लागत नाय," दादा ठामपणे म्हणायचे.

"तो बुद्धीचा देव हाय दादा. थोडी आपण पण वापरावी," भाऊ तितक्याच ठामपणे.

दादा हटवादी, पण भाऊ त्यांच्याहून चिवट. तीन श्रावण लागले. थिनर आणि फडकी परसातल्या पत्र्याच्या पेटीत गेली. पेंढा गोठ्यात गेला, लागेल तेवढाच आत आणायचा ठरला. प्रत्येक दिव्याला वेगळा प्लग आला आणि दाराशी रेतीची बादली. मला मात्र त्यांनी वेगळंच पढवलं. "आधी माणसं बाहेर. मग मेन बंद. मग रेती. आणि लाईट गेली तरी बटण बंद करायचं, कारण लाईट विचारून परत येत नाय." मी कंटाळून मान हलवायची.

पुढे भाऊ निवृत्त झाले आणि रोह्याला मुलीकडे राहायला गेले. त्याच्या पुढच्याच श्रावणातली गोष्ट. वडखळहून मूर्ती न्यायला गाडी येणार होती, म्हणून दादांनी पेंढ्याचा एक भारा आत आणला होता. वाटेतला दिवा त्यांनी कोपऱ्यात सरकवला, त्याचं तोंड नेमकं भाऱ्याकडे. तेवढ्यात लाईट गेली, आणि आम्ही सगळे जेवायला बसलो. दिव्याचं बटण तसंच चालू.

लाईट आली, पंखा फिरला, आम्ही खूश. थोड्या वेळाने मला जळक्या पेंढ्याचा वास आला. पडवीचं दार उघडलं तर भारा पेटलेला आणि त्याच्यामागे वर्षभराचं काम, रांगेने. माझं तोंड आपोआप सुटलं, "सगळे बाहेर व्हा." धावत जाऊन मेन पाडला. दादा घागर घेऊन आत धावत होते. आयुष्यात ज्यांच्यासमोर मी आवाज चढवला नव्हता, त्यांना मी दरडावलं, "घागर ठेवा खाली, दादा. तापल्या दिव्यावर पाणी नाय, रेती." त्यांनी मुकाट घागर ठेवली. मी रेतीची बादली भाऱ्यावर उपडी केली, वरून ओली गोणपाटं दाबली. दुसरं पेटायला जवळ काही नव्हतंच, सगळं भाऊंनी कधीच बाहेर काढलेलं. आग जागच्या जागी विझली.

एकही मूर्ती गेली नाही. एका बालगणेशाच्या कानाला तेवढी काजळी लागली. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं आणि त्याच वेळी छाती फुगून आली. संध्याकाळपर्यंत आळीतल्या सगळ्या बायका आपापल्या घरातले प्लग चाचपत होत्या.

दादांनी स्वतः भाऊंना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने भाऊ हजर. दादा बोर्डापाशीच उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे. भाऊ दाराशी थांबले.

"बादली परत भरली का?"

"रात्रीच भरली," मी म्हटलं.

भाऊ बोर्डावरून सरळ पुढे गेले. हात लावला नाही, बघितलंसुद्धा नाही. पंख्याखालच्या बाकावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "चहा टाक गो सूनबाय. आज बसतो मी."