खताच्या पोत्यातला मासा

आईचे डोळे उघडे होते आणि काकी तिच्या पायांचे अंगठे बांधत होती. शेजारची जागा रिकामी होती. वडिलांना तिथूनच सकाळी उचललं होतं.

तेव्हा उसाला वाळक्या माशांचं खत घालायचे. समुद्रावरून ते बारामतीपर्यंत रेल्वेनं यायचं, पुढं आमच्या गावाला, अंथुर्ण्याला, बैलगाडीनं. बाया ते कुटून सरीत टाकायच्या. आदल्या दिवशी आईला पोत्यात काही अख्खे, जाडजूड मासे सापडले. तिनं ते पदरात घेतले.

"खत खाती का गं कुणी?" काकी म्हणाली. ती माळकरी.

"नीरंतलं खातोच की आमी. मासा त्यो मासाच. तुमच्या माळंला न्हाय वाढत, जाऊबाई."

आमच्या नीरा नदीत माणूस मरेल असा मासा नव्हता. त्यामुळं माशात विष असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. संध्याकाळी आईनं ते भाजले. वडिलांनी पोटभर खाल्ले, आईनं उरलेले. मला ताप होता, मला पेज मिळाली.

जेवण उरकतंय तोच दोघांचे ओठ बधिर झाले. मग ओकाऱ्या, मग हातपाय गेले. उजाडलं तेव्हा वडील थंड लागले. गावाला वाटलं पटकीची साथ आली, म्हणून त्यांना जाळायची घाई केली. थोड्या वेळानं आईही हलेना.

अंगठे बांधून झाल्यावर काकी आईचं तोंड पुसायला वाकली आणि तशीच थांबली.

"आबा, हिचा श्वास लागतुया माज्या गालाला."

आजोबा नुकतेच अग्नी देऊन परतले होते. धोतर ओलं होतं. "येडी झालीस व्हय?" ते म्हणाले.

काकीनं दिव्याची एक कोरडी वात घेतली, पिंजली आणि आईच्या नाकाशी धरली. कापूस हलला. थांबला. परत हलला.

आजोबा खाली बसले. "त्याच्या नाकाला धरला व्हता का कुणी?"

काकी अंगठ्यांची दोरी सोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी आई बोलली. तिला सगळं ऐकू येत होतं, वडिलांना उचलल्याचंसुद्धा.

माझी नात समुद्राचं शास्त्र शिकली. त्यात शाखा आहेत म्हणते. एक लाटा नि प्रवाह बघते, ती बंदरं बांधायला लागते. एक पाण्यातला क्षार तपासते, एक तळ. आणि एक तिथले जीव, कुठला मासा खायचा नि कुठला नाही. फुगणारा एक मासा असतो, वाळवला, भाजला तरी त्याचं विष जात नाही. कोळी तो खात नाहीत, खतात टाकतात. खाणारा मेल्यासारखा पडतो, पण शुद्धीत असू शकतो.

"मग तुझे पणजोबा?" मी विचारलं.

"ते आता कळणार नाही, आजी."

मासा दोघांनी खाल्ला होता. आई वाचली.