अर्धलीची शेळी

आईने माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडला तेव्हा मी नुकतीच वकील झाले होते. सही करू नको म्हणून मी घसा कोरडा केला. तिने ऐकलं नाही. धाकट्या भावाकडे तिने फक्त एक शेळी मागितली आणि तीही सांगोल्याला त्याच्याच दावणीला ठेवली, अर्धलीनं. म्हणजे शेळी आईची, राखण मामांची, करडं निम्मी निम्मी. शेळी मेलीच, तर पुरावा म्हणून तिचा कान आणून दाखवायचा.

करडांबद्दल आईने कधी चकार शब्द काढला नाही. पण "शेळी बघून येते" म्हणत ती दर दिवाळीनंतर सांगोल्याची एसटी धरायची. बोलावल्याशिवाय माहेरी पाऊल टाकायचं नाही, हा तिचा ताठा. आणि बोलावणं तर कधी यायचं नाही. शेळीमुळे ताठाही शाबूत राहायचा आणि चार दिवस माहेरपणही पदरात पडायचं.

यंदा उन्हाळ्यात मामा भवानी पेठेतल्या आमच्या घरी आले. चेहरा सुतकी. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून त्यांनी आतला कान चहाच्या कपाशेजारी ठेवला. "गेली बग अक्का. लई केलं, न्हाय वाचली."

आमची शेळी कानापासून शेपटापर्यंत काळी कुळकुळीत. हा कान तांबडा.

मला तर आनंदच झाला. इतकं स्वच्छ प्रकरण कोर्टात कधी हाती लागत नाही. "मामा, याला फौजदारीपात्र न्यासभंग म्हणतात," मी सुरू केलं. "चोर न विचारता नेतो. इथे आम्ही विश्वासाने हातात दिलेली वस्तू तुम्ही परस्पर लाटलीत. जेल आहे याला!" एवढा अगडबंब शब्द ऐकून मामांनी कप खाली ठेवला आणि कबुली दिली. शेळी बाजारात विकली होती, कान मटणाच्या दुकानातून आणला होता. निदान काळा तरी बघून आणायचा! वकील भाचीला मामा बनवायचं तर थोडी मेहनत नको?

मी हसत होते. आई हसत नव्हती. तिचा चेहरा पाहिला आणि मला फार वाईट वाटलं.

"शेळीचं काय न्हाय रं," ती मामांना म्हणाली. "पन आता मी काय म्हनून येऊ तिकडं?"

मामा गडबडले. "आसं काय बोलतीस अक्का? शेळी नसली तरी यायचं की."

"हे तू आजवर कवा म्हनलास?"